हाताला गुंडाळलेला कासरा

त्या उन्हाळ्यापासनं आकारामचं बूड एका जागी टेकत नव्हतं. गोठ्यात गेला की टीव्हीची आठवण, टीव्हीपुढं बसला की गोठ्याची. औंधाच्या बाजूला त्याचं गाव. पोरगा जयराज फौजेत, खेचरांच्या तुकडीत. आणि तिकडं कारगिलला लढाई पेटलेली. तोफगोळे, पाणी, रॉकेल, सगळं डोंगरावर खेचराच्या पाठीवरनं जायचं. आधी गावातली टवाळ पोरं जयराजला गाढववाला शिपाई म्हणायची. आता बातम्या बघून त्यांची दातखीळ बसली होती.

पण आकारामला गोळ्यांपेक्षा दोराची भीती जास्त होती.

त्याचं असं झालं. बेंदराला, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याला, या गावात बैल पळवतात, आणि धन्यानं कासरा हाताला वेढे देऊन धरायचा ही रीत. बैल सुटला की घराण्याची अब्रू गेली! एका बेंदराला सांगलीकडनं आणलेला खोंड बिथरला. त्यानं आकारामला वेशीपासनं देवळापर्यंत फरफटत नेलं, खांदा निखळला, पण पठ्ठ्यानं कासरा सोडला नाही. ही कथा त्यानं इतक्यांदा सांगितली, की गावातल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ झाली असेल. जयराज तर त्यावरच वाढला.

थंडीत पोरगा सुट्टीवर आला तेव्हा हसत म्हणाला होता, "आबा, आमचा उस्ताद लय शिव्या घालतोय. दोर हाताला गुंडाळायचा न्हाई म्हणं. खेचर कड्यावरनं घसरलं तर माणूस बी त्याच्यासंगं जातोय."

तर या शहाण्या बापानं काय म्हणावं? "उस्तादाला काय कळतंय? जनावर सोडतो त्यो कसला धनी?"

आता टीव्हीवर ती वीतभर वाट नि खालची दरी दिसली की आकाराम उठून गोठ्यात जायचा. दोर गुंडाळू नको म्हणून पत्रं टाकली, उत्तर नाही. साताऱ्याला सैनिकांच्या कचेरीत जाऊन तार करा म्हणून हटून बसला. तिथला माणूस बिचारा चांगला. म्हणाला, "नाना, लढाईच्या धामधुमीत दोराचा निरोप कोण पोचवणार?"

घरी आला तो तसाच अंगणात येरझाऱ्या घालत राहिला.

"आवं, दोन घास खावा की," त्याची बायको चंद्राबाई म्हणाली.

"खाऊ कसा? माझ्याच तोंडानं त्याला मरायला शिकवलंय मी!"

चंद्राबाईनं ताटावर ताट झाकलं आणि पदर तोंडाला लावला.

बेंदराच्या सकाळी आकाराम बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. मन कशातच नव्हतं. तेवढ्यात कोंडीबा धापा टाकत आला. गावातला फोन त्याच्याच दुकानात.

"पळ गड्या! जयराजचा फोन हाय!"

रंगलेल्या हातांनीच आकाराम पळाला. मागनं निम्मं गाव.

"आबा," जयराजचा आवाज लांबनं आला. "श्रीनगरच्या दवाखान्यात हाय. पाय मोडलाय, बाकी बरा हाय."

आकारामनं फोन कानाला आणखी दाबून धरला. जिवंत होता पोरगा!

"मैना गेली, आबा. माझं खेचर. गोळा पडला, ती बिथरली, कड्यावरनं मागचे पाय सुटले. दोर माझ्या हातात हुता. मी सोडला." पोरगा ढसाढसा रडायला लागला. "ती माझ्याकडंच बघत हुती. खरं सांगा, आबा, तुमी असता तर सोडला असता का?"

आकारामनं दारात दाटलेल्या गावाकडं बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सोडला असता, लेकरा. तुझ्या आदी सोडला असता."

दारात कुणी हसलं नाही.

"खोटं बोलताय तुमी."

"बोलतोय," आकाराम म्हणाला. "तू घरला ये, मग भांड माझ्यासंगं."