दोन खुंटांवरची कवळी

सगळं आयुष्य तोंडात काढलं, पण माझं म्हणणं काय ते कुणी विचारलं नाही. आज सांगतेच. मी एक कवळी. पूर्ण नव्हे हं, अर्धी. वरचे पुढचे सहा दात आणि टाळूला टेकलेली गुलाबी पट्टी, एवढाच माझा पसारा. नाक मुरडू नका. माझं एखादं भावंड तुमच्याही घरात पाण्याच्या पेल्यात पडलेलं असेल.

मेक्सिकोतल्या आतलिस्को गावात ओब्दुलियाबाईंच्या तोंडात मी राहते. बाई केक करतात. तीन दुधांत भिजवलेला त्यांचा केक नसला तर आमच्या आळीत वाढदिवस झाल्यासारखा वाटत नाही. आणि केक सुरीनं कापायच्या आधी दातांनी चावायचा, हा आमचा रिवाज. ज्याचा वाढदिवस त्यानं हात पाठीमागे घेऊन वाकायचं, बाकीच्यांनी "चावा! चावा!" म्हणून ओरडायचं आणि त्याचं तोंड केकला लागलं की मागून कुणीतरी डोकं आत दाबायचं. साय नाकात जाते, थोरामोठ्यांची अब्रूही जाते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

माझ्याआधी बाईंकडे माझी थोरली बहीण होती. बिचारीला आधार काय, तर दाढांना अडकवलेल्या दोन तारा. जेवताना ती हलायची, शिंक आली की बाईंची धांदल उडायची. एका वाढदिवशी नणंदबाई रेमिहिया यांनी हौसेनं बाईंचं डोकं दाबलं. बाईंनी तोंड वर काढलं आणि माझी बहीण आतच राहिली. बाई तोंडाला रुमाल लावून मोरीकडे पळाल्या. परत येऊन बघतात तर केक वाटून झालेला, आणि बहीणबाई नेमक्या पाद्रीबाबांच्या ताटलीत!

"बायांनो, हा प्रसाद कुणाचा?" पाद्रीबाबांनी शांतपणे विचारलं.

सगळं अंगण हसलं. रेमिहियाबाई तर पोट धरधरून हसल्या. मग काय, गावाला विषयच मिळाला. "ओब्दुलियाचा केक घ्या, आत दात फुकट!"

बाईही हसल्या, पण तेव्हापासून तोंड मिटून. लोकांचे केक केले, लोकांची डोकी दाबली. स्वतःचा वाढदिवस आला की मात्र त्यांचं डोकं दुखायचं.

"अगं, एवढंसं तर झालं," नवरा फिलेमोन समजूत घालायचा.

"तुमच्या मिशा पाद्रीबाबांच्या ताटात पडल्या असत्या, म्हणजे विचारलं असतं एवढंसं की केवढंसं!"

शेवटी बाई गावातल्या तरुण दंतवैद्याकडे, डॉक्टर इत्सेलकडे गेल्या. ती म्हणाली, "मावशी, तारांवर भरवसा ठेवू नका. जबड्याच्या हाडात दोन खुंट बसवू. हाड त्यांना घट्ट धरेल, मग ते कवळीला धरतील."

"मग सगळेच दात पक्के बसव की गं."

"तेवढं हाड उरलं नाही तुमचं. दोन खुंटांवर भागवू. कवळी रोज काढून धुवायची. पण तुम्ही काढाल तेव्हाच निघेल."

"आणि नणंदेनं ढकललं तर?"

डॉक्टरला हसू आवरेना. "नणंदेवर आमच्या पुस्तकात धडा नव्हता, मावशी."

टायटॅनियमचे खुंट बसले. हाडानं त्यांना आपलं म्हणायला कित्येक महिने घेतले. तोवर बाई सूप आणि भिजवलेल्या टोर्टियांवर, म्हणजे मक्याच्या पोळ्यांवर, राहिल्या. मग माझा जन्म झाला. आधी मेणात, मग धातूत, वर गुलाबी हिरडी आणि बाईंच्या मूळच्या दातांच्या रंगाचे दात. माझ्या पोटाशी दोन वाट्या केल्या, त्यांत रबराच्या चकत्या बसवल्या. डॉक्टरनं मला जागेवर दाबलं आणि दोन्ही बाजूंना टक् झालं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाईंनी जिभेनं मला ढकललं. मी हलले नाही. पुन्हा ढकललं. मग पर्समधून डुकराच्या कातड्याचा तळलेला कडक तुकडा काढून तिथंच खुर्चीत कडाकडा चावला. डॉक्टर बघत राहिली. बाईंचे डोळे भरून आले आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

त्या वर्षी बाईंनीच जाहीर केलं, माझा वाढदिवस अंगणात होणार. मी मात्र दोन्ही खुंट घट्ट धरून बसले. कडक तुकडा वेगळा आणि रेमिहियाबाईंचा हात वेगळा. मी सुटले असते तर बाई पुन्हा कधी अंगणात आल्या नसत्या.

गाणं झालं, मेणबत्त्या विझल्या. बाई हात पाठीमागे घेऊन केकवर वाकल्या. आणि कुणी ओरडलंच नाही.

सुनेनं सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, चाव्याचं नाव काढायचं नाही, सासूबाईंना पुन्हा लाज नको. आता तीच सुरी घेऊन पुढे आली. "आई, राहू दे. मी लहानसा तुकडा कापते, चमच्यानं खा."

बाईंचा ओठ थरथरला, तो मला आतून कळला. ताटलीवरचं हसू त्यांनी पचवलं होतं, पण हा चमचा पचेना. लोक हसले होते तेव्हा निदान आपल्यातली समजत होते. आता जपत होते.

"मेलात का सगळे?" बाई वाकूनच ओरडल्या. "कंबर मोडली माझी! रेमिहिया, कुठं तडमडलीस?"

"इथंच आहे, वहिनी." रेमिहियाबाईंनी हात एप्रनमध्ये लपवले होते. "माझ्यानं नाही होणार. मागल्या खेपेला मीच तर..."

"मागल्या खेपेला दात काढून हसलीस, आता नाक ओढतेस होय? ढकल म्हणते ना!"

"आणि निघाली तर?"

"निघाली तर निघाली! पाद्रीबाबा, ताटली तयार ठेवा!"

पहिला "चावा!" फिलेमोनचा, तोही चिरका. मग सगळं अंगण ओरडायला लागलं. बाईंनी मला केकमध्ये रुतवलं आणि मागून हात आला. बाई गं, काय हात तो! डोळ्यांपुढे नुसती साय. खालून केक मला ओढतोय, वरून नणंद दाबतेय. तारा असत्या तर कधीच सुटल्या असत्या. खुंट हलले नाहीत, म्हणून मीही हलले नाही.

बाईंनी डोकं वर काढलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडावर. बाई सावकाश चावत राहिल्या, गिळलं, आणि मग तोंड उघडून अशा हसल्या की माझे सहाच्या सहा दात अंगणाला दिसले.

रेमिहियाबाईंनी त्यांना मिठी मारली, सायीसकट. "वहिनी, मला वाटलं, आता तुला जपूनच हात लावायचा. मग मी भांडायचं कुणाशी गं?"

"माझ्याशीच. आणि पुढच्या वर्षी जरा जोर लाव. हाताला काही दमच नव्हता तुझ्या."

आता माझंही वय झालंय. कॉफीनं रंग उतरलाय, रबरं झिजली की डॉक्टर बदलते. माझी काही तक्रार नाही. बाई तोंडभर हसतात आणि मी त्या हसण्यात पुढे असते. तुम्हाला मात्र एक विनवणी. घरातलं एखादं माणूस तोंड मिटून हसायला लागलं, तर त्याला चमचा देऊ नका. आधी दाताच्या डॉक्टरकडे न्या, आणि मग त्याचं डोकं बिनधास्त केकमध्ये दाबा.