ताब्यातली फाईल

तारीखमास्तरांनी चौथ्यांदा फाईलवर क्लिक केलं आणि पडद्यावर चौथ्यांदा तीच ओळ उमटली : ‘ही फाईल दुसऱ्या सदस्याच्या ताब्यात आहे.’ बाजूला पिवळं कुलूप आणि कुलपाशेजारी नव्या बाईंचं नाव.

नऊ पंचवीस झाले होते. दहा वाजता मोठ्या साहेबांसमोर त्याच फाईलमधला, हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या कामाचा तारीखवार आराखडा मांडायचा होता. कुठलं काम कधी संपेल हे सांगण्यात मास्तरांची बावीस वर्षं गेली होती, नावही त्यावरूनच पडलं होतं. नव्या बाई तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मदतीला म्हणून आल्या. मदतीला! निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाला मदतनीस कशासाठी देतात, हे शेंबडं पोरही सांगेल. घरी बायको म्हणायची, “तुम्हाला आरशातल्या माणसाचाही संशय येतो.” पण आज पुरावाच समोर होता.

काल संध्याकाळी बाईंचे दोन फोन येऊन गेले होते. ऑफिस सुटल्यावर मास्तर त्यांचा फोन उचलत नसत. ‘मी तर फोन केला होता’ असं उद्या म्हणायची सोय, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला होता. आता त्यांनी स्वतः लावला, तर फोन संपर्काबाहेर.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच दोन-चार बटणं दाबली.

“काल सहा चाळीसला उघडलीय त्यांनी. परत केलेली नाही.”

“मशीन बंद पडलं असेल.”

“नाही, चालू आहे. मुद्दाम ठेवलेली दिसते.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“नुसती वाचायची असेल तर त्यांच्या बदलांसकट उघडते, साहेब, पण फक्त तुम्हाला; फाईल तुमच्या नावावर आहे. फक्त बदल करता येणार नाहीत.”

“वाचून काय करू? मीच लिहिलीय ती! मला ती मांडायचीय, माझ्या नावाने, त्यांच्या कुलपासकट नाही.”

“मग जबरदस्तीने सोडवावी लागेल. पण त्यांनी कालपासून केलेलं सगळं जाईल. तुमची शुक्रवारची प्रत परत येईल. एकदा त्यांना विचारलं असतं तर...”

“आहेत कुठे त्या?”

“सकाळीच साइटवर गेल्यात.”

साइटवर! आणि त्यांना न सांगता. मास्तरांच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. संध्याकाळी आराखड्यात हात घालायचा, सकाळी साइटवरची माणसं आपल्या बाजूने वळवायची आणि दहा वाजता साहेबांसमोर आपलं घोडं पुढे दामटायचं.

“सोडव,” ते म्हणाले.

दहा वाजून सात मिनिटांनी बाई मीटिंगच्या खोलीत आल्या. चपलांवर सिमेंटची धूळ होती. भिंतीवरचा आराखडा पाहून त्या दारातच थबकल्या. मग मास्तरांशेजारी बसल्या आणि घडी केलेला कागद त्यांच्याकडे सरकवला. आत पाइपवाल्या फोरमनचं गिचमिड अक्षर : ‘ऑक्सिजन लाइनची चाचणी मंगळवार १३ ते गुरुवार १५ तारीख. त्याआधी होणार नाही.’

भिंतीवर मास्तरांचीच ओळ झळकत होती. पेशंट नव्या वॉर्डात हलवणे : सोमवार, १२ तारीख.

शुक्रवारी साहेबांना खूश करायला मास्तरांनीच ती तारीख आठवडाभर अलीकडे ओढली होती. ओढताना ‘आधी चाचणी, मग पेशंट’ ही फाईलमधली जोडणी तुटली, आणि ते त्यांनी तपासलंच नव्हतं.

“मग सोमवारी पेशंट हलवायचे. पक्कं?” साहेबांनी विचारलं.

आता या बोलणार, मास्तरांना वाटलं. याहून चांगली संधी कुठली? पण बाई मान खाली घालून वहीला लागलेलं सिमेंट नखाने खरवडत होत्या.

“नाही साहेब.” मास्तर म्हणाले. “तारीख चुकलीय. माझ्याच हातून. ऑक्सिजनची चाचणी व्हायच्या आतच मी पेशंट हलवून बसलोय.”

“कधी लक्षात आलं हे?” साहेबांनी विचारलं.

“माझ्या नाही आलं. यांच्या आलं.”

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून द्या,” म्हणाले आणि उठले.

मास्तरांनी बाईंना जिन्याजवळ गाठलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी आवाज जुन्याच सवयीने चढला.

“फाईल अडवून ठेवलीत ती यासाठी?”

“ती तारीख कुणी पुढे पाठवू नये म्हणून. आणि परत केली असती तर माझे बदल सगळ्यांना दिसले असते आणि चूक कळली असती. तुमच्याआधी.”

“फोन मी उचलला नाही, मान्य. पण एखादी चिठ्ठी तरी ठेवायची माझ्यासाठी.”

“ठेवली होती ना,” बाई म्हणाल्या. “फाईलमध्येच. पहिल्या ओळीवर.”