गाऱ्हाण्यातलं एक वाक्य

पालखी अंगणातल्या पाटावर टेकली तसा मथुराने नारळ आप्पांच्या हातात दिला, पण आपला हात काही काढून घेतला नाही.

"आप्पा, औंदा त्याचा नाव घेव नुका."

आप्पा गावकर. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते नारळाची शेंडी नीट करत राहिले.

"नाय घेणार गो. येवडा कळताय माना."

ती पडवीत बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. तिचा लेक नितेश बोटीवरच्या अपघातात गेला त्याला सहा महिने झाले होते. गाऱ्हाण्यात त्याचं नाव आलं की चारचौघांत आपल्याला आवरणार नाही, या धास्तीने आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं.

गाऱ्हाणं दरवर्षीचंच. आप्पांचा सूर जरा लांबला की पुरुष वाक्य संपायची वाट बघतच नसत, 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळे! देवालासुद्धा एव्हाना पाठ झालं असेल, असं नितेश हसून म्हणायचा. बायकांनी त्यात आवाज मिसळायची रीत नव्हती. मथुरा मात्र अकरा वर्षं एका वाक्याला ओठांतल्या ओठांत होकार देत आली होती. गुरांढोरांच्या पाठोपाठ यायचं ते: बोटीवर गेलेल्या लेकराला सुखरूप घरी आण.

आप्पांनी नारळ कपाळाला लावला.

"बा देवा म्हाराजा, या घरच्या शेताभाताला बरकत दे..."

"व्हय म्हाराजा!"

"गोठ्यातल्या गुरांढोरांची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!"

आप्पा थांबले. ठरल्याप्रमाणे त्यांनी ते वाक्य गिळलं, पण गिळायलाही थोडा वेळ लागतोच. पुरुष काय ते समजले आणि गप्प राहिले. तिचा नवरा सदू पालखीच्या दांडीला धरून खाली बघत होता.

"व्हय म्हाराजा!"

आवाज खणखणीत होता, आणि बाईचा होता. मथुराला संताप आला. एवढं आप्पांना विनवून सांगितलं, पुरुषांनीसुद्धा सांभाळून घेतलं, आणि ही कोण भवानी मध्येच बोलली? ती रागाने मागे वळली.

पडवीतल्या सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या.