कोणाच्या दारी बसायचं

"...आणि गटातल्या कोणाचा हप्ता थकला, तर तो आम्ही सगळ्या मिळून भरू." बायकांनी उभ्यानं प्रतिज्ञा संपवली आणि सतरंजीवर बसल्या. मंगळवारची सकाळ, सव्वासात. दहाऐवजी नऊच जणी होत्या.

दहावी चंचल. ती आली नव्हती, तिचा हप्ताही आला नव्हता. हा तिसरा मंगळवार.

फायनान्स कंपनीचा वसुलीवाला वैभव खुर्चीवर बसून नोटा मोजत होता. सव्वीस वर्षांचा, जैनथकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. बायका त्याला सारू म्हणत आणि कंपनीनं शिकवल्याप्रमाणे तो सगळ्यांना अक्का म्हणे. नऊ जणींपैकी चौघींनीच पैसे पूर्ण भरले होते. बाकीच्यांनी शंभर-दोनशे पुढे केले होते. त्यानं नोटा पिशवीत टाकल्या, मोबाईल खिशात ठेवला आणि गटाच्या लीडरला, म्हणजे बयनाबाईला, ती ज्याची सकाळपासून धास्ती घेऊन बसली होती तेच सांगितलं. सगळ्यांनी मिळून चंचलच्या घरी जायचं. हप्ता मिळेपर्यंत तिच्या दारात बसायचं. दुपारपर्यंत काम होऊन जाईल, त्यालाही साहेबाला तोंड दाखवता येईल.

बायका पदर सावरत उठायला लागल्या. बयनाबाई उठली नाही.

"मी नाई जात," ती म्हणाली.

वैभवला वाटलं, तिची तब्येत बरी नसावी. त्यानं तसं विचारलंही.

"तब्येतीले काई नाई झालं. मी कोणाच्या दारी बसत नाई आता."

बयनाबाईचं वय अठ्ठेचाळीस. आदिलाबादच्या या वस्तीत ती लग्न होऊन आली ती तलमडुगुकडच्या एका खेड्यातून. नवरा नागोराव बाजार समितीच्या यार्डात हमाल. ती स्वतः एकोणीस हंगाम एकाच जिनिंगमध्ये होती. सरकी काढणाऱ्या रेच्यांत कापूस पडण्याआधी त्यातली पानं, काड्या, किडकी कवडी वेचून काढायची, हे तिचं काम. कापसाची धूळ नाकात बसून तिचा आवाज कायमचा घोगरा झाला होता. याच कमाईच्या भरवशावर तिनं पन्नास हजारांचं कर्ज काढलं आणि टिनाच्या घरावर स्लॅब टाकला. आठवड्याला सहाशे वीस रुपये. कामाच्या दिवसांत ते जड नव्हतं.

यंदा कामच थांबलं. बाहेरून सस्ता कापूस आला, गाठींना गिऱ्हाईक नाही, असं मुकादम सांगत होता. जानेवारीच्या एका सकाळी जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. गटातल्या सहा जणी तिथंच होत्या. शेवटच्या आठवड्याच्या मजुरीसाठी त्या सगळ्या फाटकाबाहेर डबे घेऊन बसल्या. आज देतो, उद्या देतो करत तीन दिवस बसवलं. तिसऱ्या दिवशी उन्हात चंचलच्या कडेवरचं लेकरू रडून रडून झोपलं, तरी चौकीदारानं पाण्याचा माठ आतच ठेवला. एकोणीस वर्षं ज्याला बयनाबाई रामराम करत होती, तो माणूस त्या दिवशी तिच्याकडे न पाहता मोबाईल पाहत होता. मजुरी अखेर मिळाली, पण त्या तीन दिवसांत बयनाबाईच्या मनात काहीतरी बसलं ते उठलं नाही.

आता वैभव तिला समजावत होता. लीडर असं बोलली तर गट मोडेल. सगळ्यांचं सिबिल खराब होईल, पुढं कोणतीच कंपनी दारात उभी करणार नाही.

भाग्यश्री तिची शेजारीण. पूर्ण पैसे भरलेल्या चौघींपैकी एक. ती सरळच बोलली. चंचलनं नाही भरलं तर ते आमच्या अंगावर येणार. आम्ही पोटाला चिमटा घेऊन भरतो, मग तिला मोकळं का सोडायचं? त्यात खोटं काही नव्हतं आणि बयनाबाईलाही ते कळत होतं.

"मोकळं सोडा म्हून मी म्हनून नाई राह्यली," ती म्हणाली. "कर्ज मी घेतलं, मी फेडीन. तिनं घेतलं, तिनं फेडाव. बुडवाची गोष्ट कोनी काढू नका. पन काम गेलं ते काई आमी दारू पिऊन घालवलं नाई. काम लागेपर्यंत दम धराव लागंल कंपनीले."

कंपनी दम धरत नसते, असं वैभव म्हणाला. तो चिडला नव्हता, घाबरला होता. पुढच्या मंगळवारपर्यंत विचार करा, एवढं बोलून तो निघून गेला आणि त्या दिवशी चंचलच्या दारात कोणीही बसलं नाही.

नागोरावला हे यार्डातच कळलं. संध्याकाळी तो आला तो तोंड वाकडं करून. लीडरकी करून तुला काय मिळालं आणि आता भांडून काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. घरावरचा स्लॅब कंपनी काढून नेणार नाही, पण गल्लीत नाव जाईल. बयनाबाईनं त्याला वाढलं आणि त्याचं बोलणं संपू दिलं. मग ती चपला घालून मागच्या गल्लीत सोजरबाईकडे गेली.

तीन वर्षं त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. सोजरबाई तेव्हा याच गटात होती. ब्लाउज शिवायची, चांगलं चालायचं. नवऱ्याच्या आजारपणात तिचे चार हप्ते थकले आणि बयनाबाई सगळ्या बायकांना घेऊन तिच्या दारात जाऊन बसली. सकाळी आठ ते दुपारी तीन. त्याच दिवशी सोजरबाईनं शिलाई मशीन विकली. वर्षअखेरीला एकही हप्ता न थकवणारा गट म्हणून कंपनीनं बयनाबाईला कुकर बक्षीस दिला होता. सोजरबाई तेव्हापासून लोकांकडे धुणीभांडी करत होती.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बयनाबाई खाली, पायरीपाशी उभी राहिली आणि चुकलं म्हणाली. चंचलच्या दारी जायला नकार दिला, तेही सांगितलं.

सोजरबाईनं सूप खाली ठेवलं नाही.

"तवा तू माया पायरीवर बसून मेथी निवडून राह्यली होती," ती म्हणाली. "तुया घरची मेथी. मी आतून पाहत होती. बाकीच्या बायका मान खाली घालून बसल्या होत्या, तू भाजी निवडत होती."

बयनाबाईला ती मेथी आठवत नव्हती. तेच तिला जास्त लागलं.

"आता तुयं काम गेलं तवा तुले समजलं. असू दे. जा, तुले जे कराचं ते कर. पन मले बलावू नको."

बयनाबाई परत आली. रात्री तिनं ठरवलं ते असं, की बसायचंच असेल तर जिचं देणं आहे त्या कंपनीच्याच दारी बसायचं.

दुसऱ्या दिवशी ती नीलिमा मॅडमकडे गेली. त्या सरकारी शाळेत शिकवत, बुद्धविहाराच्या मागे राहत आणि वस्तीतल्या लोकांच्या दरखास्ती लिहून देत. त्यांनी अर्ज तेलुगूत लिहिला. काम लागेपर्यंत चार महिन्यांची मोहलत द्यावी, एकीच्या थकबाकीसाठी दुसरीला तिच्या घरी पाठवू नये, प्रत्येकीची पावती वेगळी द्यावी. बायकांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. भाग्यश्रीनं आणि आणखी एकीनं सही केली नाही.

सोमवारी सकाळी आठ जणी मावल्याजवळ हायवेच्या कडेला कंपनीच्या शाखेत पोचल्या. टाईल्सच्या दुकानाच्या वरचा मजला. जिन्याखाली चपला काढल्या आणि वर जाऊन गार फरशीवर बसल्या. चंचल लेकरू घेऊन आली होती. नवरा हैदराबादला कामाला गेलेला, दीड महिन्यात त्याचा एकच फोन. तिला वाटत होतं, हे सगळं तिच्यामुळं झालं. बयनाबाईनं तिला आपल्या बाजूला बसवलं.

मॅनेजर तेलुगू माणूस. बायकांशी हिंदीत बोलायचा. आधी गोडीत सांगितलं, मग आवाज चढवला. अर्ज घ्यायला तयार होता, पण घेतल्याची सही द्यायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, पोलिसांना बोलावतो.

"बुलाव सारू," बयनाबाई म्हणाली. "और उनके सामने वो कागद निकालो, जिसमें लिखा है के बाया दूसरी बाई के घर जाके बैठना. हम सब उदर अंगठा करते."

मॅनेजरनं कागद काढला नाही. पोलीसही आले नाहीत. कोपऱ्यात वैभव उभा होता, फायली उगाच इकडच्या तिकडे करत. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

दुपार झाली. बायकांनी तिथंच जेवणाचे डबे उघडले, ऑफिसभर ठेच्याचा वास पसरला. काउंटरवरच्या पोरीनं न विचारता पाण्याचा जग आणून ठेवला. कर्ज घ्यायला आलेली माणसं जिन्यातून डोकावत, काय झालं म्हणून विचारत आणि खाली जाऊन एकमेकांना सांगत. मॅनेजरला बहुधा तेच जास्त जाचलं. त्यानं हैदराबादला तीन वेळा फोन लावला.

साडेपाचला तो केबिनबाहेर आला. तीन महिने अर्धा हप्ता चालेल. व्याज चालू राहील, ते माफ होणार नाही. कोणाला कोणाच्या घरी पाठवणार नाही. प्रत्येकीनं शाखेत येऊन भरायचं, पावती वेगळी मिळेल. पण या गटाला नवं कर्ज मिळणार नाही आणि बयनाबाई लीडर राहणार नाही.

"लीडरकी ठेवा तुमच्यापाशी," बयनाबाई मराठीतच म्हणाली. मग हिंदीत तिनं एवढंच मागितलं, की हे सगळं कागदावर लिहून द्या.

मॅनेजरनं तेलुगूत लिहिलं. चंचल तेलुगू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. तिनं उभं राहून ते आधी मनात वाचलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. बयनाबाईनं तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. त्यानंतरच त्या उठल्या.

यात सगळं चांगलंच झालं असं नाही. कर्ज होतं तेवढंच राहिलं, उलट व्याजानं थोडं वाढलं. भाग्यश्रीला मुलाच्या दुकानासाठी नवं कर्ज हवं होतं, ते आता मिळणार नव्हतं. ती बयनाबाईशी बोलायची बंद झाली. नळावर बादल्या शेजारी लागल्या तरी दोघी दोन दिशांना पाहत. सोजरबाईनं काही ऐकलं असेल, पण ती बयनाबाईकडे आली नाही.

जिनिंगचं फाटक उघडलं नाही. मार्चमध्ये बयनाबाईला नेरडीगोंड्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर काम लागलं. नागपूरकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना ज्वारीची भाकर लागते आणि ती थापणारी बाई तिथं नव्हती. दिवसाचे साडेतीनशे, दुपारचं जेवण म्हणून दोन भाकरी आणि कालवण. इतर दिवशी ती सकाळच्या पहिल्या बसनं जाई. मंगळवारी मात्र मालकाला सांगून उशिरा पोचे, कारण वाटेत शाखा दहाला उघडे. तिथं रांगेत उभी राहून ती तीनशे दहा रुपये भरी आणि पावतीवर आपलं नाव नीट लिहिलंय का, ते काउंटरवरच्या पोरीकडून वाचून घेई. एप्रिलपर्यंत एकही मंगळवार चुकला नाही. चंचलही भरू लागली होती. तिला मॅडमनी एका दुकानात हिशेब लिहायला लावून दिलं होतं.

एप्रिलच्या मध्यात एका दुपारी ढाब्याच्या चुलीपाशी बसल्या बसल्या बयनाबाईला वैभव दिसला. मोटरसायकल सावलीत लावून तो एकटाच बाकावर बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट नव्हता, खांद्यावर पिशवीही नव्हती. बयनाबाईनं पोऱ्याला थांबवलं आणि ताट स्वतः घेऊन गेली.

त्यानं तिला पाहिलं आणि उठल्यासारखं केलं. कुठं निघाला विचारल्यावर म्हणाला, निर्मलला, एका गोदामात माणसं पाहिजेत असं कळलं. कंपनीनं पंधरा दिवसांपूर्वी काढलं. मोटरसायकलीचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत.

बयनाबाई ताट ठेवून तशीच उभी राहिली.

"आमच्यामुळं काय?"

वैभवनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तुमच्यामुळं बी," तो म्हणाला. "तुमचं पाहून आनखीन दोन गट येऊन बसले. माया नावावरची वसुली पडली."

रस्त्यावरून दोन ट्रक गेले, त्यांची धूळ ताटात जाऊ नये म्हणून बयनाबाईनं पदर आडवा धरला.

"तुयं काम गेलं याचं मले वाईट वाटते, बाबू," ती म्हणाली. "पन मी पुन्यांदा तसंच करीन. खोटं काऊन सांगू."

"माहीत हाय, अक्का."

तो जेवला. भूक असलेल्या माणसासारखा, मान खाली घालून. जेवण झाल्यावर खिसे चाचपून त्यानं नोट काढली आणि घाईघाईनं पुढे केली, ती नको म्हणेल या भीतीनं असावं. बयनाबाईनं ती घेतली, गल्ल्यावर नेऊन दिली आणि सुटे पैसे त्याला परत आणून दिले. ढाबा तिचा नव्हता.

मग तिनं चुलीमागच्या फडक्यातल्या स्वतःच्या दोन भाकरींपैकी एक काढली, तीवर ठेचा ठेवला आणि त्याच्या रिकाम्या ताटात आणून ठेवली. त्यानं पुन्हा खिशाकडे हात नेला.

"हे ढाब्याची नाई," ती म्हणाली. "माया वाटची हाय. खा."

तो बाकावर परत बसला. पलीकडून कोणीतरी चार भाकरींची हाक दिली. बयनाबाईनं उरलेली एक भाकर फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली आणि परातीतलं पीठ पुढे ओढलं.