तिसरा प्रश्न

यांखो चिर्वा ब्लँटायर शहरातून आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आला, तेव्हा तो सापांना भ्याला नाही, डासांना भ्याला नाही. तो वैतागला आमच्या विचारपुशीला.

आमच्यात माणूस भेटला की आधी विचारायचं, कसे आहात? समोरचा मरायला टेकला असला तरी म्हणणार, "बरा आहे, तुम्ही बरे असाल तर." मग घरच्यांचं विचारायचं. मग तिसऱ्यांदा, "आणि काय विशेष?" तेव्हा कुठे माणूस खरं बोलतो. आल्या आल्या आपलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर टाकणं आमच्यात शोभत नाही.

"डॉक्टर, घरचे कसे आहेत?" म्हाताऱ्या फालेसी नाम्बेवेने पहिल्याच दिवशी विचारलं.

"आजी, गुडघा दुखतोय ना? गुडघा सांगा. माझ्या घरच्यांना गुडघे आहेत, आणि ते दुखत नाहीत."

म्हातारी हसली आणि गुडघा न सांगताच परत गेली.

मग यांखोने दाराला पुठ्ठा लावला : 'गप्पा बंद.' ज्यांना वाचता येत होतं त्यांनी तो बाकीच्यांना वाचून दाखवला, तेही आधी सगळी ख्यालीखुशाली विचारून. पण रांग पळू लागली. वरचे साहेब येऊन यांखोची पाठ थोपटून गेले. निम्मी रांग औषध न घेताच पळतेय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. साहेबही घाईत होते.

एका सकाळी नदीपलीकडची एलुबे आली. पाठीला कापडाने बांधलेलं तान्हं बाळ. यांखोने मान वर न करता, शहरात विचारतात तसं विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे, तुम्ही बरे असाल तर."

"बरी आहेस तर आलीस कशाला? चला, पुढचा."

एलुबे बाजूला झाली. डॉक्टर कामात आहेत, बाकीचं मग विचारतील, असं समजून आंब्याखाली जाऊन बसली. बाळ तापाने फणफणलं होतं. रांगेतल्या बायकांना ते दिसत होतं. पण दुसऱ्याची विचारपूस चालू असताना मध्ये तोंड घालू नये, हेही आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. सगळ्यांनी शिस्त पाळली.

दुपारी रांग संपली. यांखो हात धुऊन बाहेर आला, तोवर पाठीवरचं बाळ गार झालं होतं.

"तिने सांगायला नको?" संध्याकाळी यांखो नाम्बेवेच्या अंगणात येऊन ओरडला. "मी विचारलं होतं, आजी. मी विचारलं होतं."

"विचारलंस. उत्तराला थांबला नाहीस." म्हातारी मक्याचे दाणे सोलत होती. "आणि आम्ही थांबून राहिलो, तोंडं शिवून. रीत म्हणे. माणसाचा जीव जाऊ नये म्हणून रीत असते रे पोरा. तू ती फेकलीस, आम्ही ती मढ्यासारखी उराशी धरली. कोण कमी, कोण जास्त, हे मला विचारू नकोस. उद्या मातीला ये."

तो आला. मातीनंतर चटईवर एलुबे बसली होती. पाहुण्याला आधी घरच्यांनी विचारायचं असतं. तिने विचारलं, "डॉक्टर, कसे आहात?"

यांखो म्हणाला, "बरा आहे, तुम्ही बऱ्या असाल तर."

मग तो जमिनीवर बसला. "घरचे कसे आहेत?"

"आहेत."

"आणि काय विशेष?"

एलुबेने त्याच्याकडे पाहिलं आणि त्या सकाळी दवाखान्यात सांगायला घोकून नेलेलं वाक्य सांगितलं. "बाळाला रात्रीपासून ताप आहे."

नागरिकहो, तात्पर्य सांगायची चाल आहे, म्हणून सांगतो : उत्तर ऐकायला वेळ नसेल, तर माणसाला कसा आहेस म्हणून विचारू नका. आणि शेजारणीचं मूल तापलेलं दिसत असेल, तर सभ्यपणा चुलीत घाला आणि ओरडा.

दाराचा पुठ्ठा यांखोने काढून टाकला. आता तो प्रत्येकाला तिन्ही प्रश्न विचारतो, तोंडाकडे बघून. रांग फार हळू सरकते. साहेब नाराज आहेत. एलुबे मात्र त्या रांगेत पुन्हा दिसली नाही.