दुपारची गोळी

वेल्लोरहून निघताना तिथल्या व्यायामाच्या बाईंनी मला सलाइनची एक रिकामी बाटली आणि रबराची नळी बांधून दिली. बाटलीत अर्धं पाणी भरायचं, नळीचं एक टोक पाण्यात बुडवायचं आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचं. बुडबुडे किती सेकंद चालतात ते मोजायचं. नागपूरला घरी आले त्या दिवशी अकरा सेकंद झाले. आठव्या दिवशी अठरा झाले. नवव्या दिवसापासून दुपारचा आकडा खाली येऊ लागला.

माझ्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं. तेहतिसाव्या वर्षी कॉलेजचा जिना चढून मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारातच खाली बसले, तेव्हा ते सापडलं. १९७८ च्या डिसेंबरात वेल्लोरला छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापून ते छिद्र शिवलं, आणि हाड स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधलं. छिद्राचा त्रास संपला होता. हाडाचा सुरू झाला होता. बसून राहिलं की तो सोसण्यासारखा असे, पण श्वास खोल घेतला की बरगड्या दोन्हीकडून ओढल्यासारख्या होत. मग मी नकळत वरवरचा श्वास घेई.

चौदाव्या दिवशी, मंगळवारी, धंतोलीच्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग बसतोय. फुंकत नाही का तुम्ही?"

"फुंकते. दुपारनंतर जमत नाही. दुखतं."

"दुखू नये म्हणून तर गोळी आहे. गोळी घ्या, अर्ध्या तासानं फुंका, उशी छातीशी धरून खोका. सोमवारी एक्स-रे काढू. बाजू उघडली नाही तर भरती करावं लागेल. पाठीतून सुईनं पाणी काढावं लागलं तर तेही करू."

मला पुन्हा भरती व्हायचं नव्हतं. माझ्याजवळ सहा दिवस होते.

आम्ही नागपूरच्या इंदोरा भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. माझे मिस्टर चंद्रभान तार ऑफिसात होते. नऊला जात, साडेसहाला येत. दिवसभर घरी मी आणि सासूबाई. गोळ्यांची बाटली बुद्धाच्या तसबिरीशेजारच्या उंच फळीवर असे. मला हात खांद्याच्या वर न्यायला मनाई होती, त्यामुळे बाटली कोणीतरी काढून द्यावी लागे. सकाळी आठची आणि रात्री नऊची गोळी चंद्रभान देत. दुपारी दोनची सासूबाई देत.

मी वहीत दोन रकाने आखले. गोळीची वेळ, आणि अर्ध्या तासानं फुंकल्याचे सेकंद. बुधवारी सकाळी सतरा, दुपारी आठ, रात्री सोळा. गुरुवारी सतरा, सात, सतरा. एकच बाटली, एकच औषध, आणि दुपारी तेवढा परिणाम शून्य. मी वर्गात मुलींना सांगत असे की निरीक्षण विचित्र आलं तर आधी स्वतःच्या हाताची चूक शोधा. मी शोधली. जेवणानंतर म्हणून असेल, म्हणून गुरुवारी जेवणाआधीही एकदा फुंकून पाहिलं. सहा.

गुरुवारी रात्री मी चंद्रभानना विचारलं, "दुपारची गोळी बाटलीतून कोण काढतं?"

"आईच काढते. काहून?"

"बाटलीत किती उरल्या आहेत, मोजता का?"

त्यांनी मोजल्या. असायला हव्या तितक्याच होत्या. म्हणजे दुपारची गोळी बाटलीतून निघत होती. माझ्यापर्यंत पोचत होती का, हा प्रश्न वेगळा.

"तू आता आईचीबी चौकशी करून राहिली का?" चंद्रभान हसून म्हणाले. "परीक्षेतल्या कॉपीवालीसारखं?"

मी हसले नाही. हसलं की दुखे.

त्यानंतर मी सासूबाईंकडे नीट पाहू लागले. प्रयागबाई सत्तरीच्या जवळ आलेल्या. तरुणपणी गिरणीत सुताच्या रिळांपाशी दिवसभर उभ्या राहून त्यांचे गुडघे गेले होते. त्या बोलत कमी. गोळी कधी बाटलीसकट आणत नसत. स्वयंपाकघरातून मूठ मिटून येत, माझ्या तळहातावर गोळी ठेवत आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाशी धरत. "घे, गटकन घे." आणखी एक गोष्ट होती. सकाळी चंद्रभान गेले की त्या खिडकीचा पडदा सरकवत, माझ्यावर वाकत आणि माझ्या डोळ्यांत पाहत. मी जागी आहे की झोपेत, हेच त्या बघतात असं मी ठरवलं.

शुक्रवारी शेजारची कौसल्या आली. दारातूनच "जय भीम" म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"छाती करवतीनं कापली म्हने, खरं का वं जयाताई?"

"खरं."

"बाप्पा! आमच्याकडे तं पाट कापाले सुताराच्या मागं महिनाभर फिरलो. तुह्या छातीले बरा लवकर भेटला." मी तिला हात जोडून थांबवलं. ती उशी माझ्या छातीशी दाबून धरत म्हणाली, "बरं नाई हासवत. पन तुह्या सासूले काय देऊन राहिली तू? काल नळावरून भरली बादली घेऊन जिना चढली, पोरीवानी! मी म्हनलं, माय, गुडघे नवे बसवले का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "तुह्या जिभेले कुलूप बसवा लागते पयले."

कौसल्या गेली, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. दुखऱ्या गुडघ्यांची बाई भरली बादली घेऊन भरभर जिना चढते. माझी दुपारची गोळी कुठे जाते हे मला कळलं असं वाटलं. मला राग आला, आणि रागाची लाजही वाटली. त्यांचे गुडघे वीस वर्षं दुखत होते, माझं हाड सहा आठवडे. मागितली असती तर मी दिलीही असती. पण सोमवारी सुई माझ्या पाठीत जाणार होती.

शनिवारी चंद्रभान ऑफिसात होते. दोन वाजता प्रयागबाई मूठ मिटून आल्या. मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि गोळी गालाशी धरून ठेवली. रात्रीची गोळी जिभेला लागली तर कडू लागते. ही खारट लागली, साबणासारखी. त्या पेला ठेवायला वळल्या तेव्हा मी ती हातात काढली. जेवणाच्या ताटात लिंबाची फोड होती. बशीत गोळी ठेवून मी तिच्यावर लिंबू पिळलं. गोळी फसफसली आणि तिचे कण बशीभर पसरले.

सोडा. पोटात गॅस झाला की म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात पुडीत बांधून देतात, त्या गोळ्या. मला मीठ बंद होतं, आणि मी दहा दिवस सोडा, म्हणजे तेच सोडियम, खात होते.

"आई, इकडे या."

त्या आल्या. मी बशी पुढे केली.

"हे काय आहे?"

त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी नाकारलं नाही.

"माझ्या गोळ्या कुठे आहेत? गुडघे दुखतात तर सांगायचं होतं."

"मी काहून खाऊ तुह्या गोळ्या?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मीच दचकले. त्यांनी कमरेच्या गाठीतून तंबाखूची चपटी डबी काढली आणि माझ्या मांडीवर उघडली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. मी मोजल्या. नऊ दिवसांच्या नऊ आणि आजची एक. दहा. एकही खाल्लेली नव्हती.

"टाकून का नाही दिल्या?"

"खाली लेकरं खेळतात. गोड समजून उचलतीन."

मग त्या पलंगाजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे वाकवताना कण्हल्या, रोजच्यासारख्याच.

"मले एक सांग, जया. तू शिकेल हायेस. याच्यात अफू हाय का?"

मी डबीचं झाकण लावलं.

"चंद्यानं मले सांगतलं, ताकदीची गोळी हाय. ताकदीच्या गोळीनं मानूस असं झोपते का? हाक मारली तं ऐकू येत नाई. डोळे पाह्यले तुहे. बाहुली मोहरीएवढी होते. म्या पाह्यली हाय तशी बाहुली."

"कुठे?"

त्या बशीतला चुरा बोटानं गोळा करत राहिल्या.

"चंद्याच्या आधी एक पोरगी होती मले. आठ महिन्याची. गिरणीत जाताना सगळ्याच बाया देत होत्या लेकराले. बाजरीएवढी गोळी. लेकरू निजून राहे, भोंगा वाजला का घरी येऊन उठवायचं. घरी एक बुडी ठेवली होती पाहाले. त्या दिवशी म्या बी देल्ली, अन् रडते म्हनून तिनं बी देल्ली. तिले ठाऊक नव्हतं." त्यांनी बोट पदराला पुसलं. "म्या आली तं निजेलच होती. मले वाटलं बरं झालं, अजून निजून हाय. स्वयंपाक करून घेतला पयले."

चंद्रभानना एक बहीण होती हे मला सात वर्षांच्या संसारात कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, चंद्रभाननाही माहीत नव्हतं.

"दुपारची एकच माह्या हातात होती," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तो देते. मंग तेवढी बदलली. तू झोपली असली का मले खाली दम निघत नाई. पानी आनाले गेली तं धावतच वर येतो."

त्यांचा अफूचा प्रश्न अजून बाकी होता. 'नाही' म्हणणं सोपं होतं. चंद्रभाननी तेच केलं होतं, आणि त्याचं काय झालं ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

"हो," मी म्हणाले. "अफूतूनच काढलेलं औषध आहे. कोडीन म्हणतात. थोडंसं."

"तं चंद्या खोटं बोलला."

"खोटं बोलले."

मी त्यांना माझं वजन आणि आठ महिन्यांच्या मुलीचं वजन, औषधाचं प्रमाण, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. प्रमाण त्या म्हातारीलाही कोणीतरी सांगितलं असेलच. मग मी वेगळा प्रश्न विचारला.

"हे औषध जास्त झालं तर आधी काय होतं, माहीत आहे? श्वास कमी होतो. एका मिनिटात माणूस चौदा-पंधरा श्वास घेतं. दहाच्या खाली आले तर मला हलवा, तोंडावर पाणी मारा, शेजाऱ्यांना बोलवा. तोवर काही होत नाही."

"मले घड्याळ वाचता येत नाई."

"वाचायचं नाही. हा बारीक काटा इथून निघाला की मोजायला लागायचं, इथेच परत आला की थांबायचं."

त्यांनी गजराचं घड्याळ हातात घेऊन काटा दोन-तीनदा फिरताना पाहिला. मग स्वयंपाकघरातून वाटीभर चिंचोके आणले. गिरणीत त्या रिळं अशीच मोजत, दहाची रास करून बाजूला सारत. माझ्या पोटावरच्या चादरीकडे पाहत त्यांनी एकेक चिंचोका जमिनीवर ठेवला. काटा फिरून आला तेव्हा एक रास आणि वर आठ होते.

"अठरा."

"दुखतंय म्हणून जास्त आहेत. आता गोळी द्या."

डबीतली गोळी त्यांनी दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली. मग माझ्या तळहातावर ठेवली. या वेळी पेला तोंडाशी धरला नाही. मी स्वतः घेतला.

अर्ध्या तासानं मी सोळा सेकंद फुंकलं. उशी छातीशी आवळून खोकले. दुखलं, पण खोलवर गेलेला खोकला होता, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा कफ सुटला. मग झोप लागली. मध्येच कोणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. साडेचारला जागी झाले तेव्हा जमिनीवर चिंचोक्यांच्या लहान लहान राशी होत्या आणि प्रयागबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"एक खेप बाराच झाले, तं म्या उठवलं. तू मले काय म्हनलं, ठाऊक हाय?"

"काय?"

"'चूप बसा, प्रॅक्टिकल चालू आहे.'"

रविवारी दुपारी सतरा सेकंद झाले. सोमवारी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. डावीकडे खाली अजून थोडी पांढरी रेघ होती. पण बाजू उघडत होती, भरतीची गरज नव्हती. त्यांनी कोडीन बंद करून साधी दुखण्याची गोळी लिहून दिली. प्रयागबाई हट्टानं सोबत आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"डाक्टरसाहेब, याच्यात अफू हाय का?"

"छे छे, आजी. ही अगदी साधी गोळी आहे."

त्यांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी चिठ्ठी वाचली, मग मान हलवली. तेव्हाच त्या उठल्या.

घरी आल्यावर चंद्रभान नवी बाटली फळीवर ठेवायला निघाले. सासूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि माझा हात पोचेल अशी माझ्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या बशी घेऊन आल्या. बशीत गोळी होती, लिंबाच्या रसात अर्धी विरघळलेली, आणि कडेला पिळलेली फोड.

"फसफसली नाई," त्या समाधानानं म्हणाल्या. "आता घे. कोनी बदलली नाई."

लिंबानं अफू कळत नाही, फक्त सोडा कळतो, हे मी त्यांना सांगणार होते. पण त्या चिंचोक्यांची वाटी जवळ ओढून, घड्याळ मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. मी बशी उचलली आणि ते आंबट-कडू पाणी पिऊन टाकलं.