निवृत्तीच्या गालांचा ताणा

येवल्याचा निवृत्ती विणकर आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हणाला नव्हता. कुणी काही पुढं केलं की तो गाल खाली सोडून हसायचा आणि म्हणायचा, “चालेल.” अशानं मेव्हण्याचा बंद पडलेला ट्रॅक्टर, भजनी मंडळाचा फुटका मृदंग आणि चावणारं एक बदक त्याच्या अंगणात कायमचं राहायला आलं होतं.

त्यामुळं मुलगी बघायला आलेल्या लताबाई, म्हणजे मुलाची आई, “आजोबा, तुम्हीपण घ्या की पोहे,” म्हणाल्या, तेव्हाही तो “चालेल” म्हणाला. त्याचं वय सत्तावन्न. बायको यशोदा आणि मुलगी आरोही तेव्हा आत चहा गाळत होत्या.

“मुलीचे वडील दिसत नाहीत?” मुलाचे वडील जयरामराव म्हणाले.

“मागावर असत्यात.”

हे खोटं नव्हतं. तो आत्ताच मागावरून उठून आला होता.

पाहुणे गेले. पण ‘आजोबा’ हा शब्द काही जाईना. आरोही नाशिकला कातडीच्या डॉक्टरांकडं कामाला होती. चार दिवसांनी निवृत्तीनं तिला फोन लावला. गाल का लोंबतात, म्हणून विचारलं.

“बाबा, कातडीच्या आत कोलॅजनचे धागे असतात, ते ताठ धरतात. दुसरे लवचिक असतात, ओढलं तरी परत जागेवर आणतात. वय झालं की नवे कमी बनतात, आणि जुने उन्हानं तुटतात.”

“म्हंजे ताणा ढिला पडतो.”

“तसंच. उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचं, तंबाखू सोडायची. रात्री लावायचं मलम असतं, त्याला महिने लागतात. मशीननं थोडं घट्ट होतं. पण पहिल्यासारखं होत नाही.”

“आन् रविवारपर्यंत?”

“रविवारपर्यंत काहीच होत नाही. तुम्ही कामाचं ऐका. रविवारी त्यांच्या घरी सुपारी फुटायच्या आधी एवढंच सांगायचं, की लग्नानंतर आरोही नोकरी सोडणार नाही. मी बोलले तर उद्धटपणा, तुम्ही बोललात तर अट. बोलाल ना?”

“चालेल,” निवृत्ती म्हणाला, आणि आरोहीला घरचं अंगण आठवलं. सुपारी फुटली की बोलणी संपली. मग ट्रॅक्टर, मृदंग, बदक, आणि ती.

निवृत्तीनं मात्र त्यातलं धाग्यांचंच तेवढं धरून ठेवलं. ताणा ढिला, उन्हानं कुजलेला, नवा भरायला वेळ नाही. चाळीस वर्षं माग चालवलेला विणकर अशा वेळी काय करील? ताण्याला खळ लावून तो ताठ करील. यशोदाबाईंच्या सुती पातळांसाठी घट्ट खळ शिजवून ठेवली होती. रविवारी पहाटे ती त्यानं गालांना, हनुवटीला आणि गळ्याला दोन हात चोपडली, कातडी वर ओढून धरली आणि एसटीत खिडकीशी बसला. यशोदाबाई गुडघ्यामुळं येणार नव्हत्या, तेव्हा झोपेतच होत्या, नाहीतर त्यांनी घरातच पाण्याची बादली ओतली असती.

विंचूरला खळ सुकली. निफाडला शेजारच्या बाईनं शेंगदाणे पुढं केले, तेव्हा ‘चालेल’ म्हणायला तोंडच उघडेना. निवृत्तीला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे शेंगदाणे परत पाठवावे लागले.

नाशिकच्या स्टँडवर आरोहीनं बापाच्या गालावर बोटानं वाजवून पाहिलं. टक्.

“आई शप्पत,” ती म्हणाली. धुवायला नळ शोधेपर्यंत सार्थक, म्हणजे नवरा मुलगा, गाडी घेऊन आला.

नाशिकरोडला दारातच लताबाई म्हणाल्या, “या या. वडील ना तुम्ही? आज आजोबा नाही आले?” निवृत्तीला आनंद झाला. तो चेहऱ्यावर आला नाही.

जयरामराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं मीटरचे काटे वाचून निवृत्त झालेले. समोर बसलेल्या माणसाचा काटा हलला नाही की त्यांना घाम फुटायचा.

“आमच्याकडं सुनेला नोकरीची गरज नाही,” त्यांनी सुरुवात केली. “काय?”

निवृत्तीनं ‘चालेल’ म्हणायला सगळा जोर लावला. काही हललं नाही. मान हलवून पाहिली. गळ्यालाही खळीचे दोन हात दिलेले होते.

“म्हणजे, लगेच सोडावी असं नाही. वर्षभर करू दे.”

काटा जागेवर.

“दोन वर्षं. बरं, कायमची करू दे, आपलं काय जातंय. सकाळचा डबा सार्थक करील.”

“मी?” सार्थक म्हणाला.

“तू गप. साहेबांचं तोंड बघ.”

तेवढ्यात लताबाईंनी वाफाळता चहा निवृत्तीच्या हातात दिला. वाफ हनुवटीला लागली आणि खळीची एक खपली बशीत पडली. ओठाचा कोपरा सैल होऊ लागला. आता हा माणूस काय म्हणणार हे जगात एकट्या आरोहीला माहीत होतं.

“बाबांना चहा वर्ज्य आहे,” ती म्हणाली आणि दिवसाला अकरा कप पिणाऱ्या बापाच्या हातून तिनं कप काढून घेतला. “डबा, नोकरी, ठरलं म्हणायचं ना? मग फोडा सुपारी.”

जयरामरावांनी घाईघाईनं अडकित्ता चालवला. सुपारी फुटली, पेढे वाटले. मग आरोहीनं कप परत बापाच्या हातात ठेवला.

निवृत्ती वाफेवर वाकला. उजवा गाल उतरला, मग डावा, मग गळा. खपल्या मांडीवर पडल्या. ताजे पेढे घेऊन लताबाई बाहेर आल्या आणि थबकल्या.

“अगंबाई, आजोबा कधी आले?”

निवृत्तीनं जबडा दोनदा हलवून पाहिला.

“आत्ताच,” तो म्हणाला.